शीन, काफ आणि बाणाचा ण

चिपळूणच्या आसपास झाड कापायच्या यंत्राला सगळे 'कटर' म्हणतात. मिरजोळी असो, कालुस्ते असो, की बहादूरशेख नाक्यावरून घाटाच्या दिशेने जाणारी गावं असोत, 'त्याच्याकडे कटर आहे' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पेट्रोलवर चालणारं, एका माणसाने उचलायचं यंत्र. त्यातल्या मोठ्या यंत्राची ताकद पाच एचपीच्या घरात जाते. विहिरीवरचा मोठा पंप माणसाने हातात धरला आहे असं समजा. ज्याच्याकडे असा कटर असतो त्याला पावसाळ्याआधी घराघरांतून बोलावणं येतं. कौलांवर आलेली फांदी, विजेच्या तारेला टेकलेला माड, वठलेला आंबा, सगळं त्याच्याकडे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडचे रस्ते आडव्या झाडांनी बंद झाले होते. त्या दिवसांत कटरवाला हा गावातला सर्वांत मोठा माणूस होता.

अशा माणसाला मालकीचा अभिमान असतो आणि तो असायलाही हवा. पण 'कुठल्या कंपनीचा?' असं विचारलं की तोच माणूस अडखळतो. 'स्टिहल', 'स्टिल', 'हस्कवर्ना', 'मकिटा' अशी उत्तरं येतात, तीही जरा खालच्या आवाजात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन भाषा येतात म्हणजे जर्मन आणि स्वीडिशही येत असणार, असा पुष्कळ पालकांचा समज आहे. त्यामुळे 'सर, हे नाव नक्की कसं घ्यायचं?' हा प्रश्न माझ्यापर्यंत बऱ्याचदा आला आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचे चाचा साखळी आणायला दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात गेले होते. त्यांनी कंपनीचं नाव घेतलं तसा गल्ल्यावरचा पोरगा हसला आणि नाव 'दुरुस्त' करून त्यांना ऐकवलं. चाचा म्हणाले, "नाव तुम्ही घ्या, मशीन मी चालवतंय." मजा अशी की त्या पोराने दुरुस्त करून दिलेला उच्चारही मूळ भाषेतला नव्हताच.

उर्दूत 'शीन-काफ दुरुस्त असणं' असा वाक्प्रचार आहे. ज्याचा 'श' स्वच्छ आणि 'क' घशातून, त्याचा तलफ्फुज चांगला, आणि तलफ्फुज चांगला म्हणजे माणूस शिकलेला, खानदानी. कोकणी मुसलमान मुंबईत गेला की पहिल्या दोन वाक्यांत त्याचा काफ त्याला उघडा पाडतो. मराठीच्या अंगणात हेच काम 'न' आणि 'ण' करतात. उर्दूत 'ण'ला स्वतंत्र अक्षर नाही. म्हणून आमचं पोर मराठीच्या तासाला 'पानी' म्हणतं आणि त्याच्यावर हसणारे तयारच असतात. एकीकडे काफासाठी हसू, दुसरीकडे 'ण'साठी. आणि योगायोग पाहा, कटरच्या दोन सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांच्या नावांत हीच तीन अक्षरं दडलेली आहेत.

शीन

जर्मन भाषेत शब्दाच्या सुरुवातीला 'स'पुढे 'ट' आला की त्या 'स'चा 'श' होतो. म्हणून शहराचं नाव 'श्टुटगार्ट' आणि कटरचं नाव 'श्टील'. मधला 'एच' उच्चारायचा नसतो, तो फक्त आधीचा स्वर लांबवतो. आपल्याकडे 'स्टिहल' होतं ते याच 'एच'मुळे. इंग्रजी मुलखात हेच नाव 'स्टील' असं घेतात. दुकानातल्या पोराने दुरुस्त करून दिलेला उच्चार हा होता.

हे एका माणसाचं आडनाव आहे. आंद्रेआस श्टील १८९६ साली झुरिकमध्ये जन्मला आणि १९२६ साली त्याने श्टुटगार्टमध्ये आपला कारखाना काढला. त्याची पहिली करवत विजेवर चालणारी होती. १९२९ साली त्याने पेट्रोलवर चालणारी करवत काढली. तिचं वजन ४६ किलो होतं आणि ती पेलायला दोन माणसं लागत. एका माणसाने चालवायची करवत १९५० साली आली. १९५९ साली 'कॉन्ट्रा' नावाचं हलकं आणि ताकदवान मॉडेल निघालं आणि जगभरच्या जंगलांत कुऱ्हाडीचे दिवस भरले.

दात असलेल्या साखळीने कापायची कल्पना मात्र याच्या किती तरी आधीची आहे, आणि ती लाकडासाठी निघालेलीच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश वैद्यांनी हाडं कापण्यासाठी हाताने ओढायची दातेरी साखळी वापरली. १८३०च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने तिला फिरवायचा दांडा बसवला. झाडापर्यंत ती पोचायला पुढे शंभर वर्षं लागली.

आजच्या साखळीचा दात तर एका अळीकडून आला. अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. ती लाकूड सरळ न पोखरता एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत होती. त्याने साखळीचे दात तसेच आलटून-पालटून बसवले आणि पुढच्या वर्षी ती साखळी विकायला काढली. त्याच कंपनीची 'ओरेगॉन' साखळी आज आपल्याकडच्या दुकानांतही टांगलेली दिसते.

काफ

दुसरं नाव 'हुस्क्वार्ना'. रोमन अक्षरांत त्याच्या मधोमध 'क्यू' आहे. उर्दू लिहिणारा माणूस या 'क्यू'च्या जागी आपसूक काफ घालतो. स्वीडिशमध्ये मात्र त्याचा उच्चार साधा 'क' आहे, आपला कमळातला. आमचे चाचा तो बरोबर उच्चारतात, कारण त्यांना दुसरा येतच नाही.

हे गावाचं नाव आहे. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात धबधब्याच्या काठी हे गाव आहे. 'क्वार्न' म्हणजे गिरणी. १६८९ साली, म्हणजे संभाजी महाराजांची हत्या झाली त्या वर्षी, त्या पाण्याच्या ताकदीवर तिथे राजासाठी बंदुका बनवायचा कारखाना निघाला. पुढे त्याच कारखान्याने १८७२ साली शिवणयंत्रं, १९०३ साली मोटारसायकली आणि १९५९ साली साखळीची करवत काढली. स्वीडिश लोकांनी मध्यंतरी आपलं शुद्धलेखन बदललं. गावाने 'क्यू' टाकून 'के' घेतला, कंपनीने जुना 'क्यू' ठेवला. म्हणजे एकच नाव त्यांच्याच देशात आज दोन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

काफाचा 'क' होणं ही मराठीत तर चारशे वर्षांची रीत आहे. कायदा, किल्ला, कर्ज, कबूल, कैद, हक्क, फरक हे सगळे काफाचे शब्द. मराठीने ते घेतले आणि स्वतःच्या 'क'ने लिहिले. अरबीतल्या 'कुफ्ल'चं तर अक्षरं फिरवून 'कुलूप' केलं. आज कुणी मराठी माणसाला 'तुमचा हक्क घशातून येत नाही' असं म्हणत नाही. मग गोवळकोटच्या माणसाने 'क़लम'ला 'कलम' म्हटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

बाणाचा ण

आता सर्वांत मजेची गोष्ट. प्रमाण स्वीडिश उच्चारात 'र'पुढे 'न' आला की दोन्ही मिळून एकच ध्वनी होतो. जीभ मागे वळून टाळूला लागते, आणि जो आवाज निघतो तो आपल्या बाणाच्या 'ण'ला अगदी जवळचा आहे. म्हणजे त्या नावाचा तिकडचा उच्चार 'हुस्क्वाणा'सारखा होतो. इंग्रजांकडे हा 'ण' नाही. हिंदी पट्ट्यातल्या बोलण्यातही तो सहसा येत नाही. मराठीत तो आहे. वेगवेगळ्या आठ जणांना हे नाव वाचायला दिलं तर त्यातला, वाचताना 'र' गिळून 'हुस्कवाणा' म्हणणारा कोकणातला अडाणी समजला जाणारा माणूस मूळ उच्चाराच्या सर्वांत जवळ असेल.

जपानी नावांचंही तेच. 'मकिटा' म्हणतात ती कंपनी १९१५ साली नागोयात निघाली आणि तिचं नाव 'माकिता' आहे, आपल्या दंत्य 'त'सारखा 'त'. आपल्या लिपीत हा 'त' शाबूत आहे. पण नाव इंग्रजीच्या वाटेने आलं आणि वाटेत त्याचा 'ट' झाला. आपल्या जिभेला काही कमी नव्हतं.

कानाने आलेली नावं, डोळ्याने आलेली नावं

परक्या नावांशी कोकणचा संबंध काही आजचा नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला तो अफोंसो द अल्बुकर्क याने. त्याच्या नावावरून आंब्याला 'अफोंसो' म्हणू लागले, त्याचं गोव्यात 'आपूस' झालं आणि आपल्याकडे 'हापूस'. शेंडीला 'ह' चिकटला, शेवटचा 'ओ' गळाला, मधला अनुनासिक गेला. उच्चाराची परीक्षा घेतली तर हापूसला दहापैकी दोन गुण मिळतील. आणि याच नावावर रत्नागिरी जिल्हा पोट भरतो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपला बिघडलेला उच्चार आता कायद्याने आपला झाला.

त्या हापूसचं आपण 'कलम' लावतो. हा 'कलम' अरबीतल्या लेखणीचा. तासलेली, तिरकी कापलेली काडी ती लेखणी आणि तशीच तिरकी कापून जोडलेली फांदी तेही कलम. 'हापूसचं कलम' या दोन शब्दांत एक पोर्तुगीज नाव आणि एक अरबी शब्द आहे, दोन्ही मूळ मालकाला ओळखू न येण्याइतके बदललेले. काजू, अननस, पपई, बटाटा, साबण, पगार हीसुद्धा अशीच आलेली मंडळी. उलट दिशेनेही हेच झालं. मल्याळी 'मांगा'चं इंग्रजीत 'मँगो' झालं, 'चक्का'चं 'जॅक', 'तेक्कु'चं 'टीक', आणि अरबी 'मौसिम'चं 'मॉन्सून'. साहेबाला या उच्चारांची कधी लाज वाटल्याचं ऐकिवात नाही.

मग आज 'श्टील' म्हणताना आपल्याला संकोच का वाटतो? मला एक कारण दिसतं. हापूस कानाने आला. खलाशाने ऐकला, माळ्याने ऐकला, बाजारात ओरडला गेला. समोर स्पेलिंग नव्हतं, म्हणून जीभ मोकळी होती. कटरचं नाव डोळ्याने येतं. ते नारिंगी अक्षरांत यंत्रावर छापलेलं असतं आणि परीक्षकासारखं समोर उभं राहतं. ज्याने इंग्रजी शाळा पाहिली नाही त्याला ते नाव म्हणजे पुन्हा एकदा पहिलीतला फळा वाटतो.

आमच्या लोकांनी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. कोकणातल्या मुसलमान घरांतून कुवेत, दुबई, सौदीला गेलेली एक पूर्ण पिढी आहे. अरबीत 'प' नाही. तिथल्या पाट्यांवर 'बेबसी' असतं आणि 'बानासोनिक' असतं, शासनाच्या कागदांवर, वर्तमानपत्रांत, सगळीकडे. पेट्रोलच्या पैशाने जग विकत घेणारे लोक निवांतपणे 'बेबसी' मागतात आणि दुकानदार अदबीने देतो. उच्चारावर हसायचं की नाही हे बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा खिसा बघून ठरतं.

यंत्राआधी

एवढं नावाबद्दल. पण कटरचा इतिहास लिहिताना ज्या लाकडावर तो चालतो त्याबद्दल न लिहिणं बरं नव्हे.

पूर्वी लाकूड कापायचं ते आऱ्याने. फारसीत आरा ओढणारा तो 'आराकश'. ओंडका आडवा उचलून धरायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि दिवसभर ओढ-सोड. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडायचा. झाड पाडायला कुऱ्हाड. एक मोठं झाड पाडायचं म्हणजे एक-दोन दिवसांचं काम, चार माणसांची मजुरी. त्या दोन दिवसांत मालकाचा विचार बदलू शकायचा, भाऊबंद येऊन भांडू शकायचे, म्हातारी येऊन बुंध्याशी बसू शकायची. आज कटर तेच काम चहा उकळेपर्यंत उरकतो. भांडायला येणारा पोचतो तेव्हा ओंडके मोजून झालेले असतात.

कोकणातला शेतकरी जंगल तोडत नव्हता असं नाही. भाताच्या भाजावळीसाठी तो दरवर्षी ऐन-किंजळाचं कवळ तोडायचा. पण कोयतीने फांद्या निघतात, खोड राहतं, आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे परत जायचं असतं. हत्यारच माणसाला मर्यादा घालून देत होतं.

राज्यकर्त्यांनीही ती घातली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल स्पष्ट सूचना आहेत. सागासारखं लाकूड लागेल तर ते हुजूरच्या परवानगीने तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या उपयोगाचं, पण त्यांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, त्याला पैसे देऊन न्यावं. जोरजबरदस्ती करू नये. आंबा आणि फणस ही दोन नावं त्या कागदावर लिहिली गेली, म्हणून त्यांच्यावरची कुऱ्हाड अडवायला रयतेच्या हातात काही तरी आलं.

कागदावरचं नाव

आजचा कायदाही नावांवरच चालतो. महाराष्ट्राचा वृक्षतोड विनियमनाचा कायदा १९६४ सालचा. त्याला झाडांची यादी जोडलेली आहे. यादीतलं झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आपल्या जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं आणि खासगी मालकीचं रान खूप, त्यामुळे इथे या कायद्याला मोठा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट भाषेच्या शिक्षकाला विशेष वाटावी अशी. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, की 'जंगल' हा शब्द शब्दकोशात ज्या अर्थाने आहे त्याच अर्थाने घ्यायचा, मालक कोणीही असो. जंगलात केंद्राच्या परवानगीशिवाय चालणाऱ्या आरागिरण्याही त्याच आदेशाने थांबल्या. एका शब्दाचा अर्थ नीट लावला आणि देशभरची गिरणी बंद पडली.

पण आरागिरणीला पत्ता असतो. झाड तिच्याकडे न्यावं लागतं, वाटेत ट्रक दिसतो, नाक्यावर अडवता येतो. कटर झाडाकडे चालत जातो. १९६४ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुऱ्हाड आणि आरा होता, म्हणून त्यांनी परवानगी झाडासाठी मागितली. फिलिपीन्सने २००२ साली वेगळा विचार केला आणि खास साखळी-करवतीसाठीच कायदा केला. तिथे बंदुकीसारखी कटरची नोंद करावी लागते. आपल्याकडे तसं व्हावं का, याबद्दल दोन मतं असू शकतात. वादळानंतर रस्ता उघडणाऱ्या माणसाला कचेरीच्या फेऱ्या मारायला लावणं मला तरी पटत नाही. उच्चाराला हसणारे तेव्हा त्याच्या कागदांनाही हसतील.

मला भीती वेगळीच आहे. डोंगर 'उक्ता' विकला जातो तेव्हा सौदा झाडांचा होत नाही, टनांचा होतो. साग तेवढा वेगळा काढतात आणि बाकी सगळं 'आडजात'. ऐन, किंजळ, नाणा, हेद, धामण, शिवण, बेहडा, सातवीण, सगळ्यांचं एकच नाव, आडजात. ज्याला नाव नाही ते यादीत शोधणार कसं, आणि त्याच्यासाठी भांडणार कोण? झाडी गेली की माती सुटते, माती वाशिष्ठीत येते. २२ जुलै २०२१ नंतर चिपळूणकराला गाळ म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

यातल्या 'नाणा'कडे बघा. आमच्या वर्गातलं पोर त्याला 'नाना' म्हणतं आणि सगळे हसतात, कारण नाना म्हणजे आईचे वडील. मी म्हणतो, हसा, पण झाड दाखवा. मग बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो. हे झाड आपल्या राज्यफुलाच्या, तामणीच्या कुळातलं. या कुळाचं शास्त्रीय नाव 'लागेरस्ट्रोमिया'. ते दिलं लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने, आपल्या एका स्वीडिश मित्राच्या नावावरून. हा लिनेयस स्मोलांडचा, म्हणजे ज्या प्रांतात तो कटरचा गाव आहे त्याच प्रांतातला. झाडाला लॅटिन नाव देणारा आणि झाड कापणारं यंत्र, दोन्ही एकाच मातीतले. आपल्याकडचं नाव मात्र 'नाणा', आणि त्यात 'न' आहे, 'ण'ही आहे.

म्हणून पालकांना मी सांगतो, की कंपनीचं नाव 'श्टील' म्हणा, 'स्टिल' म्हणा, 'हुस्क्वाणा' म्हणा, मशीन कशालाही चालू होते. मुलांना मात्र मी एक काम देतो. आजी-आजोबांना घेऊन परसात आणि पाणंदीत जायचं आणि भेटेल त्या प्रत्येक झाडाचं नाव वहीत लिहायचं, मराठीत आणि उर्दूत. कटर चालवणारे वडील घरी असतील तर त्यांना आधी विचारायचं, कारण साल बघून झाड ओळखणारी माणसं आता त्यांच्यातच जास्त उरली आहेत. 'ण' चुकला तर मी तांबड्या शाईने दुरुस्त करतो. पण वहीत 'आडजात' हा शब्द कुणी लिहिला, तर ते पान मी परत लिहायला लावतो.